कोंडवाड्याच्या भिंतीवरची बाई

किस्से जमवायला कुठं जावं लागत नाही. एका जागी रोज संध्याकाळी बसायची खोड तेवढी हवी. मी तीन-साडेतीन वर्षं कोंडवाड्याच्या भिंतीखाली बसलो. लोकांना वाटतं, गुरुजींनी तिथं वाचनालय चालवलं. खरं सांगू? वाचन थोडं, किस्सेच जास्त! परवा मंडळी जमली आणि मी एक सांगायला घेतला, तर त्याच्या मागं दुसरा, दुसऱ्याच्या मागं तिसरा. शेवटी आतून बायको म्हणाली, "चहा थंडा होऊन राह्यला. भिंत कुठी पळून नाई चालली!"

जागा आधी सांगतो. सेलूहून केळझरकडे निघालं की मधे आमचं गाव लागतं. साल चोपन्न. गावाला सरकारी योजनेतून वाचनालय मंजूर झालं. पुस्तकं आली, पत्र्याची पेटी आली, इमारत मात्र आलीच नाही. मग आम्ही कडुनिंबाखालच्या पारालाच वाचनालय म्हणायला लागलो. पाराच्या मागं कोंडवाड्याची लांबच लांब भिंत होती. भटकी गुरं कोंडायची ती जागा. पारावर मी नागपूरचं एक दिवस शिळं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचो आणि भिंतीपलीकडून एखादा कोंडलेला बैल मधेच हंबरायचा.

तो हंबरला की किसनजी पाटील न चुकता म्हणायचे, "त्याले बी बातमी पटली नाई, गुरुजी!"

* * *

एकदा समाजशिक्षणाचे साहेब तपासणीला आले. कोरी भिंत पाहून म्हणाले, "इथं साहित्यावर एक मोठं चित्र काढून घ्या. थोर कवींची रांग वगैरे." साहेब गेले आणि मी कामाला लागलो. पेंटर कोण? तर रहीमभाई. गिरडकडचे. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवणं, दमण्यांवर, म्हणजे हलक्या बैलगाड्यांवर वेलबुट्टी काढणं आणि पोरांच्या तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल रंगवणं हा त्यांचा धंदा. माणूस त्यांनी जन्मात रंगवला नव्हता.

मी थोर कवींची यादी त्यांच्या हातात दिली. त्यांनी विचारलं, "गुरुजी, इनको आपने देखा है?"

म्हटलं, "नाही. होऊन गेलेत ते."

"मैंने भी नहीं देखा. फिर बनाऊँ कैसे? मैं तो देखा हुआ ही बनाता हूँ."

"मग साहित्यातलं तुम्ही पाहिलंय तरी काय?" मी जरा चिडूनच विचारलं. रहीमभाईंनी विडी विझवली आणि बोटांवर मोजत सांगितलं. जात्यावर गाणारी बाई पाहिली. डफवाला पाहिला. गोष्ट सांगणारी म्हातारी पाहिली. दुसऱ्याचं पत्र वाचून दाखवताना स्वतःच रडणारा पोस्टमन पाहिला.

मी दोन दिवस फुगून बसलो. हे काय साहित्य झालं? तिसऱ्या दिवशी माझं मलाच कळलं की पुस्तकाआधी हीच माणसं होती, आणि आमच्या गावात तर पुस्तकं आल्यावरही हीच होती. यादी मी फाडून टाकली. आजवर मी फाडलेल्या कागदांत तेवढा एकच कागद चांगला फाडला असं मला वाटतं.

* * *

चित्र उभं राहिलं. गेरू, चुना, काजळी, हळद आणि कपड्यांची नीळ, एवढ्याच सामानात. मधोमध पुरुषभर उंचीची जात्यावर बसलेली बाई, डावीकडं डफवाला, उजवीकडं म्हातारी आणि पोस्टमन, खाली ऐकणारा गाव. सुरेख होतं! फक्त रहीमभाईंचा हात बैलांवर बसलेला. त्यामुळं भिंतीवरच्या एकूणएक माणसाचे डोळे बैलाचे झाले. लांबट, पाणीदार, काठाला जाड काजळ.

चित्रातल्या ऐकणाऱ्यांत किसनजी पाटील स्वतःही होते. ते तावातावानं आले. "माहे डोये बैलाचे काऊन केले?"

रहीमभाई शांतपणे म्हणाले, "पाटील, गाँव में सबसे सुंदर आँख किसकी होती है, आप ही बोलो."

पाटलांची अडचण झाली, कारण आपल्या ढवळ्या बैलाच्या डोळ्यांची तारीफ त्यांनी पंचक्रोशीत केली होती. दुसऱ्या दिवशी ते ढवळ्याला घेऊन आले, भिंतीला लावून उभं केलं आणि एकदा चित्राकडं, एकदा बैलाकडं पाहत राहिले.

"जमलं," ते म्हणाले. "पन आमच्या ढवळ्याचे जरा मोठे हायत. थोडे वाढवजो!"

* * *

आता बाई गाते आहे म्हटल्यावर तिच्या तोंडून एक ओवी लिहायला हवी. मी वही-पेन्सिल घेऊन घरोघर निघालो. पहिला मुक्काम अनुसयाआजी, म्हणजे किसनजींच्या आई. म्हातारी तिखट, सबंध गावाची सासू. त्यांना म्हटलं, एखादी ओवी सांगा. तर म्हणाल्या, "जातं फिरल्याबिगर ओवी कशी येईन? बस, फिरव."

बसलो. ज्वारीचं भरलेलं टोपलं पुढ्यात आलं. मी जातं ओढतोय, आजी शेजारी पाय पसरून डोळे मिटून बसल्यात. अर्धं टोपलं झालं, पाऊण झालं. तळहाताला फोड आले. पीठ पडलं, ओवी काही पडेना. शेवटचा दाणा भरडला गेल्यावर आजींनी डोळे उघडले.

"आज काई सुचून नाई राह्यलं. उद्या येजो. उद्या गहू हाय!"

* * *

ओवी मिळाली ती भलतीकडंच. माझा प्रौढांचा वर्ग त्याच पारावर दिवेलागणीला भरायचा. खालच्या वस्तीतल्या चार बायका यायच्या. वर्ग सरकारी, म्हणून त्यांना कोणी उघड हटकत नव्हतं. तरी त्या पाराच्या अगदी कडेला, भिंतीला पाठ लावून बसायच्या. त्यांतली तुळसाबाई चाळिशीची. दिवसभर पाटलांच्या वावरात कापूस वेचायची आणि संध्याकाळी पाटी घेऊन यायची. हात असा खरखरीत की पाटीवरून फिरवला तर अक्षर पुसलं जायच्या ऐवजी पाटीच घासली जाईल!

माझे फोड पाहून ती हसली. "गुरुजी, ओवीले जातंच लागते असं कोनं सांगतलं? कापूस वेचतानी बी येते." आणि तिनं खाली मान घालून सांगितली:

देवा तुह्या दारी, उभी उन्हात राह्यली
सावली तुही मंग, माह्या घरात पाह्यली

मी लिहिता लिहिता थांबलो. लहानपणी आईबरोबर तुळसाबाई गावच्या देवळाशी जायची. आत जायची सोय नव्हती. पायरीपासून दूर, उन्हात उभं राहायचं आणि तिथूनच हात जोडायचे. ते ऊन या ओवीत होतं. मला फार लाज वाटली. मी त्या देवळात रोज आत जात होतो आणि बाहेर कोण उभं आहे हे मान वळवून कधी पाहिलं नव्हतं.

म्हटलं, "खाली तुझं नाव लिहितो."

"नोका लिहू जी," ती घाईनं म्हणाली. "नाव पाह्यलं का पुसून टाकतीन. माही ओवी राहू द्या, नाव राहो का नोको. कोनाले सांगानही नाई असं वचन द्या."

मी दिलं. वचन देताना माणसाला ते हलकं वाटतं.

* * *

रहीमभाईंनी ओवी मोठ्या अक्षरांत लिहिली. मी ती पारावर वाचून दाखवली आणि गावच्या बायका वेड्या झाल्या. आठ दिवसांत घरोघरच्या जात्यांवर तीच! मग सुरू झाला वारसा-हक्काचा दावा. एक म्हणे, ही माझ्या आजीची. दुसरी म्हणे, माझ्या माहेरची, तिकडं केळझरला सगळ्यांना येते. आणि अनुसयाआजींनी तर पारावर येऊन निकालच दिला.

"हे माह्या सासूची ओवी हाय. याच हातानं जातं ओढतानी म्यां ऐकली. बुढी मरून गेली, नाई तं तिलेच उभी केली असती!"

मी म्हटलं, "आजी, मग त्या दिवशी का नाही सुचली?"

"तुह्या दळनात दम नोता!"

सगळे हसले. माझी जीभ इतकी वळवळत होती की मी पानाचा विडा तोंडात कोंबला. भिंतीला पाठ लावून तुळसाबाई बसली होती. तोंडाला पदर लावून ती एवढी हसत होती की तिच्या मांडीवरची पाटी हलत होती. तिला मजा वाटत होती की दुःख, हे मला आजही सांगता येत नाही.

* * *

पुढचा किस्सा मात्र सांगताना हसू येत नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. त्या बैलाच्या डोळ्यांनी घात केला. एवढे मोठे, काजळ भरलेले डोळे गावानं दुसरीकडं कुठं पाहिले होते? देवीच्या मुखवट्यावर! कुणाचं तरी पोर तापानं फणफणलं होतं, ते बरं झालं, आणि एका सकाळी जात्यावरच्या बाईच्या कपाळी शेंदूर दिसला. दुसऱ्या दिवशी नारळ. तिसऱ्या दिवशी चित्रातल्या जात्याच्या खुंट्याला हळदीकुंकू. आठवड्यात पारावर चपला काढून चढायचा रिवाज पडला. पेपर वाचताना लोक हात जोडून बसायला लागले. बातमी कसली का असेना!

आणि मग अनुसयाआजी म्हणाल्या, "देवीच्या अंगाले अंग लावून खालच्या बाया बसतेत. बरं दिसत नाई. त्याईले तिकडं, झाडापलीकडं बसवा."

झाडापलीकडं पार नव्हता. तिथं उघडं मैदान होतं. दुसऱ्या दिवशी त्या चौघी आल्या, लांबूनच नारळ-शेंदूर पाहिला आणि मैदानात उभ्या राहिल्या. तुळसाबाई तेव्हा जोडाक्षरांपर्यंत आली होती. आपलीच ओवी आपल्या डोळ्यांनी वाचायची, एवढ्यासाठी ती आता शिकत होती. तिच्याच ओवीसमोर तिला पुन्हा बाहेर उभं केलं होतं, आणि मी गुरुजी म्हणवणारा माणूस दोन दिवस काहीच बोललो नाही. पाटलांशी वाकडं नको, नोकरी आहे, बायको आहे... कारणं पुष्कळ होती. त्या दोन दिवसांची आठवण अजून मला टोचते.

तिसऱ्या दिवशी मी सायकल काढली आणि रहीमभाईंना गाठलं. ऐकून ते कपाळाला हात लावून बसले. "गुरुजी, मैंने औरत बनाई थी. इन लोगों ने देवी बना दी! शेंदूर को हाथ लगाऊँ तो दंगा. क्या करूँ?"

बराच वेळ विचार करून ते उठले. भर दुपारी, गाव वावरात असताना त्यांनी काम केलं. शेंदराला हात लावला नाही. फक्त बाईचा एक गाल तंबाखूच्या बारानं टम्म फुगवला. कमरेला तंबाखूची चंची लटकवली. मांडीवर नाक गळणारं एक पोर दिलं आणि मागून एक बकरी दिली, जी जात्यातलं पीठ चाटते आहे आणि बाई एका हातानं तिला हाणते आहे.

संध्याकाळी गाव जमला. हात जोडायला उचललेले तसेच राहिले. तेवढ्यात अनुसयाआजी काठी टेकत पुढं आल्या, डोळ्यांवर हात धरून त्यांनी बाईला खालून वर न्याहाळलं आणि ओरडल्या, "आता ओयखली! अवं, हे तं माही जाऊ!"

गाव हसून हसून लोळला. जावेला कोण नारळ फोडणार? शेंदूर पुढच्या पावसात धुऊन गेला. तुळसाबाई दुसऱ्याच दिवशी भिंतीला पाठ लावून बसली होती.

* * *

छप्पनच्या दसऱ्याला खालची वस्ती नागपूरला गेली. कोणी पायी, कोणी पॅसेंजरनं. परत आली ती पांढरी वस्त्रं नेसून, बौद्ध होऊन. घरातले देव त्यांनी गाठोड्यात बांधून नदीत सोडले. गावात कुजबुज सुरू झाली. अनुसयाआजी म्हणाल्या, "देव सोडला त्याईनं, आता पार बी सोडा म्हना." तुळसाबाईनं पार सोडला नाही. ती आली, पांढऱ्या लुगड्यात, आणि आपल्या जागी बसली.

त्याच हिवाळ्यात मला मलेरिया झाला. पेपर कोण वाचणार? मी निरोप धाडला की तुळसाबाईला वाचू द्या. आता ती घडाघडा वाचायची. पुढचं मला किसनजींनीच नंतर सांगितलं. ती पेपर घेऊन उभी राहिली तशी पारावरची सगळी मंडळी तिच्याकडं पाठ करून बसली. आपण ऐकत नाही, हे दिसायला हवं ना! पण उठून कोणी जाईना. तिनं पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. मग घसा कोरडा पडला म्हणून ती थांबली.

पाठ न वळवता किसनजी म्हणाले, "थांबली काऊन? पुढं?"

दोन ओळी झाल्यावर त्यांनी आणखी एक वाक्य जोडलं. "कोनी पानी द्या रे तिले."

* * *

आणि हा शेवटचा. सत्तावन्न सालचा पोळा आठ दिवसांवर आला होता. दरवर्षी पोळ्याआधी गावच्या बायका भिंतीचा खालचा पट्टा पांढऱ्या मातीनं पोतारून काढायच्या आणि रहीमभाई वरच्या चित्राला नवा रंग द्यायचे. त्या दिवशी सगळ्या बायकांचे हात मातीत होते. रहीमभाईंनी काजळीत ब्रश बुडवला. ओवीची अक्षरं फिकी पडली होती, ती ठळक करायला घेणार, एवढ्यात तुळसाबाई उठली.

"रहीमभाई, थांबा जरासे. हे ओवी माही हाय."

हात थांबले. अनुसयाआजी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "तुही? माह्या सासूची ओवी तुही कशी वं?"

मी तोंड उघडलं, तर तुळसाबाईनं हातानंच मला गप्प बसवलं. ती भांडली नाही. तिनं भिंतीवरचं कडवं वाचलं, बोट लावून, एक एक अक्षर. आणि मग भिंतीवर नसलेलं पुढचं कडवं तिनं गाऊन दाखवलं, जे तिनं मलाही कधी सांगितलं नव्हतं.

देवा तुह्या दारी, पाय पोयले मायचे
पायरीच्या खाली मंग, आमी उभे कायचे?

दोन कडवी एकाच बाईची आहेत, हे सांगायला गुरुजी लागत नव्हता. ते दार कोणाचं आणि पायरी कोणती, हेही प्रत्येकाला ठाऊक होतं. तीन वर्षं घरोघर हौसेनं गायलेली ओवी! आपण काय गात होतो ते बायकांना तेव्हा कळलं असावं. दोघी-तिघींनी खाली पाहिलं.

किसनजी चाचरत म्हणाले, "मंग... पुसाची हाय का?"

"पुसता काऊन जी?" तुळसाबाई म्हणाली. "देव म्यां सोडला, तुमी थोडीच सोडला. तुमच्या जात्यायवर गेली, आता हे तुमचीच झाली. ठेवा. मले दुसरी जागा द्या."

रहीमभाईंनी भिंत वरखाली न्याहाळली. डफवाल्याच्या पलीकडं हातभर कोरा तुकडा होता. तो त्यांनी ओल्या फडक्यानं पुसला, चुन्याचा हात दिला आणि ब्रश सरसावून म्हणाले, "बोलो बाई, क्या लिखूँ?"

"अजून जुळली नाई," ती म्हणाली. "चौकट आखून ठेवा. जुळली का मीच लिहीन."

रहीमभाईंनी गेरूची चौकट आखली. आत काहीच नाही. बायका पुन्हा कामाला लागणार, तेवढ्यात मातीनं भरलेले हात तसेच पुढं धरून अनुसयाआजी भिंतीपाशी आल्या. तुळसाबाईच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि रहीमभाईंना म्हणाल्या, "हिच्या बाजूले माह्यासाठी बी एक आख."

"आपकी कौन सी ओवी, माँ जी?"

"मले बी अजून जुळली नाई."

रहीमभाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग ब्रश गेरूत बुडवला आणि विचारलं, "कितनी बड़ी बनाऊँ?"

आजींनी मातीची वीत तुळसाबाईच्या चौकटीला लावली. आधी उभी मोजली, मग आडवी.

"हिच्याएवढीच."